वापरात नाही

लेकीच्या शाळेने गेल्या हिवाळ्यात मुलांना म्युझियमला नेलं आणि परत आल्यावर गृहपाठ दिला. घरातली एखादी जुनी वस्तू शोधायची, म्युझियममध्ये असते तशी तिची चिठ्ठी लिहायची आणि दोन्ही वर्गात आणून दाखवायचं. आता आमच्या घरात जुनं काय असणार? जर्मनीत न्यूर्नबर्गला येऊन अकरा वर्षं झाली, त्यात तीन भाड्याची घरं बदलली. सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे तुझ्या बाबाचा लॅपटॉप, असं मी म्हणत होते, तेवढ्यात तिने स्वयंपाकघरातला खालचा खण उपसला आणि पोळपाटामागे फडक्यात गुंडाळलेला आजीचा अडकित्ता बाहेर काढला. मोराच्या आकाराचा, पितळी, पातं लोखंडाचं, आणि मोराच्या डोळ्याच्या जागी एक भोक, ज्यात कधीकाळी लाल खडा होता म्हणे. चिठ्ठी तिची तिनेच लिहिली. वस्तू: सुपारीची कात्री. कशाची: पितळ, लोखंड. कुठली: भारत, वाई. कोणाची: आईच्या आजीची. शेवटचा प्रश्न बाईंनीच छापून दिला होता, आज वापरात आहे का? त्यापुढे गोल, नीट अक्षरात उत्तर होतं, नाइन. नाही.

आठवड्याभराने अडकित्ता परत आला तो सुतळीने बांधलेल्या त्या चिठ्ठीसकट.

चिठ्ठीत एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्याकडे पान कोणी खात नाही, सुपारी फक्त पूजेला लागते आणि तीही आख्खी. तरी त्या ‘नाही’ने मला चार दिवस छळलं. आजीची दुपार आठवत राहिली. जेवणं झाली, ओटा धुतला की ती मधल्या दाराशी भिंतीला टेकून बसायची, मांडीवर तबक, आणि अडकित्त्याचा तो कोरडा, बारीक आवाज सुरू व्हायचा. कातरताना ती बोलत असायची. बोलण्यात महत्त्वाचं काही आलं, कोणाचं तरी मोडलेलं लग्न किंवा कोणाच्या तरी जमिनीचा निकाल, की हात थांबायचा. आवाज थांबला की आम्ही पोरं खेळ सोडून कान टवकारायचो. ही गोष्ट चिठ्ठीत कुठल्या रकान्यात लिहायची? आणि मुख्य म्हणजे, तिला मी ती सांगितलीच कधी होती?

तर त्या चिठ्ठीपायी मी त्या म्युझियमला पुन्हा गेले. बुधवारी संध्याकाळी तिथे तिकीट नसायचं, म्हणून आल्याच्या पहिल्या वर्षी आम्ही दर पंधरा दिवसांनी जायचो. फुकट आणि गरम, थंडीत आणखी काय लागतं. मग जर्मन येऊ लागलं, ओळखी झाल्या, आणि जाणं सुटलं. म्युझियमचं नाव मोठं भारदस्त आहे, गेर्मानिशेस नात्सिओनालमुझेउम. आमच्या ऑफिसातला एक स्पॅनिश मुलगा ते नाव ऐकून शिंगांची शिरस्त्राणं आणि दाढीवाले रानटी योद्धे बघायला म्हणून गेला आणि चार तास बाहुल्यांची घरं आणि पियानो बघून वैतागून परत आला. त्याची चूक नाही. 1852 साली ‘गेर्मानिश’ हा शब्द भाषा-इतिहास-कायद्याच्या अभ्यासकांचा होता, जर्मन बोलणाऱ्या सगळ्यांचं जे जे काही, ते त्यात मावायचं. पुढे नाझींच्या हातात त्या शब्दाचं काय झालं ते आपण जाणतोच. नाव मात्र बदललं नाही.

हे सगळं ज्याने उभं केलं त्या सरदाराचं नाव मला पहिल्यापासून आवडतं. हान्स फॉन उंड त्सू आउफसेस. जर्मन सरदारांच्या नावात ‘फॉन’ असतं, म्हणजे अमक्या गावचे. पण ‘फॉन उंड त्सू’ म्हणजे त्या गावचे आणि अजून तिथेच ठाण मांडून असलेले. गढी हातची न गेलेले देशमुख म्हणा ना. न्यूर्नबर्गच्या उत्तरेला आउफसेस नावाचं गावही आहे आणि किल्लाही. माझ्या मनात आलं, आपण नुसत्या ‘फॉन’. वाईच्या, पण वाईला आता आमचं कोणी नाही. वाडा विकला तेव्हा मी इथून व्हिडिओ कॉलवर होते. काका एकेक भांडं कॅमेऱ्यासमोर धरून विचारत होते, हे हवं? हे हवं? आणि मी विमानाच्या तेवीस किलोंचा हिशेब करत ‘नको’ म्हणत होते. घंगाळ नको, पाट नको, समई, बरं, राहू दे, नको. अडकित्त्याला हो म्हटलं ते केवळ तो छोटा होता म्हणून.

आउफसेस साहेबांना ‘नको’ म्हणता यायचं नाही. त्यांनी जुनी पुस्तकं, चित्रं, शस्त्रं, कागद असं जमेल ते गोळा केलं. 1830 च्या दशकात त्यांनी न्यूर्नबर्गमध्ये एकदा प्रयत्न करून पाहिला, तो फसला. वीस वर्षं चिकाटी धरली. अखेर 1852 च्या ऑगस्टमध्ये ड्रेस्डेनला इतिहास आणि पुराणवस्तूंच्या अभ्यासकांची सभा भरली आणि तिथे म्युझियमचा ठराव झाला. अध्यक्ष होता सॅक्सनीचा राजपुत्र योहान, पुढे तो राजा झाला. हा गृहस्थ टोपणनावाने इटालियन कवी दान्तेचं जर्मन भाषांतर करायचा. राजपुत्रांना असली कामं करायला वेळ असण्याचे ते दिवस.

पण मला खरी गंमत वाटते ती त्यांच्या मूळ कल्पनेची. त्यांना वस्तूंचा संग्रह मुळात दुय्यम वाटत होता. त्यांना हवी होती चिठ्ठ्यांची पेटी. अगदी आरंभापासून 1650 पर्यंत जर्मन इतिहास, साहित्य आणि कला यांची जेवढी साधनं जगात कुठेही असतील, दानपत्रं, थडगी, हस्तलिखितं, नाणी, त्या सगळ्यांची नोंद एका ठिकाणी, नीट वर्गवारी लावून. ‘गेनेराल रेपेर्टोरियुम’ असा तोंडभर शब्द होता त्याला. मूळ वस्तू नसेल तर तिची नक्कल, नक्कल नसेल तर निदान चिठ्ठी. एका माणसाने घेतलेला हा ध्यास ऐकून आपल्याला इतिहासाचार्य राजवाडे आठवावेत, गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडणारे. फरक एवढाच की राजवाड्यांनी स्वतःची बैठक कुठे फार काळ टिकू दिली नाही आणि या सरदाराने संस्था टिकवली. पण त्यांच्या चिठ्ठ्यांच्या स्वप्नाचं पुढे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ते कधी संपणारं कामच नव्हतं. घरातला एक खण लिहून काढायचा म्हटलं तर माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला एक अख्खी दुपार लागली.

म्युझियमच्या जुन्या दारावर एक ओळ कोरलेली आहे, जुन्या स्पेलिंगमधली, ‘आयगेन्टुम डेर डॉइशेन नात्सिओन’. जर्मन राष्ट्राची मालमत्ता. अकरा वर्षांत त्या दाराजवळून शेकडो वेळा गेले असेन, पण त्या बुधवारी पहिल्यांदा थांबून वाचली. आणि मनात हिशेब केला. 1852 साली जर्मन राष्ट्र होतं कुठे? तीन डझनांहून जास्त राज्यं आणि शहरं, प्रत्येकाची सरहद्द वेगळी, प्रत्येकाचा राजा वेगळा. न्यूर्नबर्ग बव्हेरियात जाऊन जेमतेम शेहेचाळीस वर्षं झालेली. चार वर्षांपूर्वी फ्रँकफर्टला लोकांनी संसद भरवून एक देश करायचा प्रयत्न केला होता, तो मोडला. म्हणजे मालमत्ता आधी, मालक नंतर. आधी माळा बांधला, त्यावर सामान चढवलं, चिठ्ठ्या लावल्या, आणि खालचं घर बांधायला माणसं यायची होती एकोणीस वर्षांनी.

त्या मोडलेल्या संसदेचं सामानही शेवटी इथेच आलं. संसदेसाठी प्रकाशकांनी आपापली पुस्तकं दान देऊन एक ग्रंथालय सुरू केलं होतं. देश झाला नाही, पण साडेचार हजारांच्या घरात पुस्तकं मागे उरली, ती 1855 मध्ये न्यूर्नबर्गला पोचती झाली. आणि सभागृहात अध्यक्षांच्या डोक्यावर जे चित्र टांगलं होतं, फिलिप फाइटने काढलेली ‘गेर्मानिया’, ते 1867 मध्ये आलं. भलं मोठं आहे ते. हातात तलवार आणि काळा-लाल-सोनेरी झेंडा, पायाशी तुटलेली बेडी. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे भारतमातेची तसबीर होती, तिच्याच घरातली वाटावी. जवळ जाऊन पाहिलं तर पातळ सुती कापडावर रंगवलेली, घाईघाईत, कामचलाऊ. दगडाची नाही, कापडाची. ते मला का कोण जाणे बरं वाटलं.

इमारतीचंही तसंच. सुरुवातीला म्युझियम तटाच्या दरवाजाजवळच्या बुरुजात आणि आसपासच्या घरांत होतं, 1857 मध्ये ते एका जुन्या मठात गेलं. मार्क्वार्ड मेंडेल नावाच्या व्यापाऱ्याने 1380 मध्ये बांधून दिलेला कार्थुसियन मठ. हे मौनव्रती साधू. प्रत्येकाचं वेगळं छोटं घर, मागे वाफा, आणि बोलायचं नाही. 1525 मध्ये शहर लूथरच्या प्रोटेस्टंट पंथाचं झालं, मठ बंद पडला, पुढे त्याचं कोठार झालं. आजही त्या ओवऱ्यांतून चालताना पायांखालचा दगड इतका थंड असतो की बुटांतून वर चढतो. मेणाचा आणि जुन्या लाकडाचा एक वास आहे, तो वाईच्या वाड्यातल्या कोठीच्या खोलीसारखा अजिबात नाही. मी मुद्दाम हुंगून पाहिलं. आपल्याला हवं तिथे साम्य सापडत नाही.

आउफसेस साहेब 1862 मध्ये पायउतार झाले. नंतर 1866 पासून आउगुस्ट एसेनवाइन नावाचा एक वास्तुविशारद पंचवीस-सव्वीस वर्षं संचालक होता, त्याने चिठ्ठ्या बाजूला ठेवून वस्तू आणायला आणि भिंती चढवायला घेतल्या. शहरातला जुना ऑगस्टिनियन मठ पाडला जात होता, तर त्याचे भाग उचलून आणून इथे पुन्हा उभे केले. आज आपण जे म्युझियम बघतो त्याचा साचा बराचसा या माणसाचा. पण माझं लक्ष म्हाताऱ्या आउफसेसकडेच जातं. 1872 च्या मे महिन्यात, जर्मनी एक होऊन जेमतेम वर्ष झालेलं, ते स्ट्रासबर्गला नव्या जर्मन विद्यापीठाच्या स्थापनेच्या सोहळ्याला गेले. तिथे गैरसमजातून त्यांना मारहाण झाली आणि थोड्याच दिवसांत बोडन सरोवराकाठी म्युन्स्टरलिंगेनला ते वारले. सत्तर वर्षांचे होते.

जन्मभर ज्या मालकाची वाट पाहिली, तो आल्यावर त्यांच्या वाट्याला वर्षभरच आलं.

पाचवीत असताना शाळेची सहल पुण्याला केळकर म्युझियमला गेली होती. तिथे काचेच्या कपाटात अडकित्तेच अडकित्ते. घोड्याचे, पोपटाचे, राघू-मैनेचे, काही इतके आंबट-शौकीन की बाईंनी आम्हाला पुढे ढकललं. त्यात एक मोर होता. मी ओरडले, हा आमच्याकडे आहे! सगळा वर्ग हसला. घरी येऊन आजीला सांगितलं, तुझा अडकित्ता म्युझियममध्ये आहे. तिला कौतुक वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “काचेत ठेवलाय? मग धार कोण लावतं त्याला?”

म्युझियमकडे आज 13 लाखांच्या आसपास वस्तू आहेत आणि त्यांतल्या पंचवीसएक हजार मांडलेल्या. बाकीच्या पोळपाटामागे. मांडलेल्यांतही मी ठरावीक ठिकाणीच घुटमळते. एक म्हणजे 1639 सालचं श्ट्रोमर घराण्याचं बाहुलीघर, ज्याच्या स्वयंपाकघरात नखाएवढी कथलाची ताटं फळीवर उभी लावली आहेत. आणि दुसरं म्हणजे मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल, 1492 ते 94 च्या दरम्यान याच शहरात केलेला, आज जगात उरलेला सर्वांत जुना. अंगाने चांगला अर्धा मीटर रुंद, रंग काळवंडून जुन्या फणसाच्या आठळीसारखा झालेला. अमेरिका त्यावर नाही, कोलंबसच्या सफरीची बातमी अजून त्यावर चढलीच नव्हती. कोकण शोधू गेलात तर तेही हाती लागत नाही, कारण आपल्या ओळखीचा भारताचा त्रिकोणच नाही, टॉलेमीच्या जुन्या नकाशावरून घेतलेला चपटा किनारा आहे आणि खाली अवाढव्य सिंहलद्वीप. पण मजकूर भरपूर आहे. एका ठिकाणी लिहिलंय की पूर्वेकडच्या बेटांवर घेतलेला मसाला आपल्यापर्यंत येईतो बारा हातांतून जातो आणि प्रत्येक हात आपला नफा काढून घेतो. हे वाचून मी नेहमी हसते. इथल्या जर्मन सुपरमार्केटमध्ये पन्नास ग्रॅम वेलदोड्याची किंमत बघून माझ्या तोंडून हेच निघतं. आणि त्या बारा हातांना टाळायचं म्हणून जो समुद्रमार्ग शोधला गेला, त्याच्या 1505 च्या पोर्तुगीज ताफ्यात न्यूर्नबर्गच्या इमहोफ आणि हिर्शफोगेल पेढ्यांचे पैसे होते. त्यानंतर पाचच वर्षांत गोवा पोर्तुगीजांकडे. तेव्हा हा गोल आपला कोणी लागत नाही असं म्हणायची सोय नाही.

हा गोल म्युझियमने बेहाइम घराण्याकडून 1937 साली कायमचा घेतला. साल वाचलं की इथे आपोआप दचकायला होतं. या शहरात 1935 च्या सप्टेंबरात नाझींचे ते वंशाचे कायदे झाले, दरवर्षी त्यांच्या त्या सभा भरल्या, आणि 2 जानेवारी 1945 ला बॉम्बहल्ल्यात जुनं गाव बेचिराख झालं. म्युझियमच्या वस्तू आधीच हलवल्या होत्या म्हणून वाचल्या, इमारती फार थोड्या. आता तुटक्या मठाच्या भिंतींना खेटून झेप रूफ या वास्तुविशारदाच्या काचेच्या, सपाट, 1950-60 च्या दशकांतल्या इमारती उभ्या आहेत. जुन्यासारखं नवं बांधलं नाही हे बरं केलं. सांधा दिसतो.

आणि मग केव्हातरी, मला वाटतं, या म्युझियमला प्रश्नचिन्ह काढायला यायला लागलं. त्यांच्याकडे एक गोल, डबीएवढं घड्याळ आहे, पेटर हेनलाइनचं, 1510 चं, जगातलं पहिलं खिशातलं घड्याळ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दाखवलेलं. 2014 मध्ये त्यांनी स्वतःच ते तपासून घेतलं, काही भाग पुढच्या काळातले निघाले, सही खोटी ठरली, तर त्यावरच प्रदर्शन भरवलं: ‘जगातलं सर्वांत जुनं खिशातलं घड्याळ?’ नंतर 2017 मध्ये दुसरं, 1933 ते 45 मध्ये मिळवलेल्या वस्तूंबद्दल: ‘विकत घेतलं, बदलून घेतलं, लुटलं?’ तेव्हा लेक बाबागाडीत होती. एका चांदीच्या पेल्यापुढे मी उभी होते आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाई कोणाला उद्देशून नाही अशा म्हणाल्या, आमच्याकडेही असाच आहे, आईने कुठून आणला ते कधी सांगितलं नाही. मी काही बोलले नाही. त्यांनीही पुढे काही म्हटलं नाही. दारावरच्या त्या कोरीव ओळीला प्रश्नचिन्ह नाही, दगडात ते आता कोण कोरणार.

बाहेर पडले तेव्हा अंधार झाला होता. म्युझियमसमोरच्या गल्लीत डानी कारावान या इस्रायली शिल्पकाराने 1993 मध्ये खांबांची रांग उभी केली, मानवी हक्कांचा रस्ता म्हणतात त्याला. जाहीरनाम्याची तीस कलमं, प्रत्येक कलम जर्मनमध्ये आणि आणखी एका भाषेत. पहिलं यिडिश या ज्यूंच्या भाषेत, या शहरात. सत्तावीस पांढरे गोल खांब, दोन जमिनीत पुरलेले, फक्त माथा दिसतो, आणि एका खांबाच्या जागी झाड, सरळसोट वाढणारा ओक. आल्याच्या पहिल्याच महिन्यात मी प्रत्येक खांब वाचत गेले होते, मराठी कुठे आहे बघायला. नव्हती. नंतर कळलं की ज्या भाषांना खांब मिळाला नाही त्या सगळ्यांसाठी ते झाड आहे. आपल्याला झाड मिळालं म्हणून मला तेव्हा उगाच मिरवावंसं वाटलं होतं, आणि थोडा रागही आला होता, खांबावर अक्षरं असतात, झाडावर काय वाचायचं? त्या बुधवारी ओकावर वाळलेली तपकिरी पानं तशीच लटकून होती. हा झाडांचा प्रकार हिवाळ्यातही पानं लवकर सोडत नाही.

घरी आले तर लेक झोपायच्या तयारीत. विचारलं, म्युझियममध्ये तुला काय आवडलं? म्हणाली, म्युझियम दाखवणाऱ्या ताईने सांगितलं की ही सगळ्यांची वस्तू आहे, म्हणजे आपली पण. हे ती जर्मनमध्ये म्हणाली, ‘उन्स’. तिच्या ‘आपली’मध्ये मी आहे की नाही ते जर्मनमधून कळायला मार्ग नाही. मराठीत ‘आमची’ म्हणतेस की ‘आपली’, असं विचारणार होते. तिचा पासपोर्ट लालसर आहे, माझा निळा, आणि एअरपोर्टवर आमच्या रांगा वेगळ्या. मग वाटलं, एवढ्याशा पोरीला झोपेच्या वेळी व्याकरण कशाला. त्याऐवजी आजीच्या थांबलेल्या हाताची गोष्ट सांगितली. निकाल काय लागला जमिनीचा, एवढंच तिने विचारलं. मला आठवत नव्हतं.

शनिवारी बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस बसतो. त्याच्यापुढे अडकित्ता ठेवला. त्याने तो दोन-तीनदा उघडमीट केला, मोराच्या रिकाम्या डोळ्यातून पलीकडे पाहिलं, आणि मग चष्मा कपाळावरून खाली ओढून सुतळीची चिठ्ठी वाचायला घेतली. सावकाश, मोठ्याने. शेवटच्या ओळीशी थांबला.

“इथे तर नाही लिहिलंय.”

लावा तरी, म्हटलं.